हाळीची साळी

गुरुजींनी प्रूफच्या पानावर लाल पेन्सिलीनं गोल केला होता. गोलातला शब्द 'साळी'. त्यापुढे छापलेला अर्थ, 'एका बांधावरून लांबच्या बांधावरल्या माणसाला दिलेली हाक'. बाजूला गुरुजींच्या वळणदार अक्षरात 'हाळी' आणि त्याखाली दोन रेघा.

"पोरी, साळी म्हणजे भात. हाक असते ती हाळी. हे तुला सांगायला पाहिजे काय?"

सांगायला नको होतं. माझी आजी तिन्हीसांजेला परड्यात उभी राहून आजोबांना हाळी द्यायची, ती अजून माझ्या कानात आहे. तरी कागदावर साळी होती आणि कागद माझ्याच प्रिंटरमधून निघाला होता. मी मान खाली घातली. "चुकलं गुरुजी. दुरुस्त करते," म्हणाले.

ती चूक माझ्या हातची नव्हती, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. संगणकाची मेमरी वाढवली आणि मशीन बिघडलं, एवढीच तशी गोष्ट. अशी मशीनं रोज बिघडतात, रोज दुरुस्त होतात. पण त्या मशीनमध्ये तेव्हा एका माणसाची अकरा वर्षांची मेहनत होती आणि ती माझ्या भरवशावर होती.

माझं दुकान बेळगावातल्या शहापुरात आहे. टायपिंग, डीटीपी, झेरॉक्स, लग्नपत्रिका, यात्रेची पावतीपुस्तकं. सकाळी कुणाचा तरी कानडीतला अर्ज भरून द्यायचा, दुपारी वास्तुशांतीची पत्रिका लावायची, संध्याकाळी शाळेच्या मुलांचे प्रोजेक्ट. दोन्ही लिप्यांत बोटं चालतात. बेळगावात हे काम करायचं तर चालावीच लागतात.

गुरुजी खानापूर तालुक्यातले, जांबोटीकडच्या एका गावचे. मराठी शाळेत पोरांना शिकवण्यात हयात गेली. निवृत्त झाल्यावर गावोगाव फिरून शब्द गोळा करायला लागले. शेतीचे, रानाचे, पावसाचे, चुलीजवळचे, जनावरांना हाकायचे. दोनशे पानी सात वह्या भरल्या. "शाळेत पोरं कमी होत गेली तसे मला शब्द कमी झालेले ऐकू यायला लागले," असं ते एकदा म्हणाले होते. त्या वह्या पिशवीत घालून एसटीनं यायचे, दुकानातल्या बाकावर बसून घोटभर चहा घ्यायचे आणि एकेक वही माझ्याकडे सोपवायचे. पुस्तक काढायचं ठरलं होतं. वहीचं प्रत्येक पान स्कॅन करून ठेवायचं आणि मजकूर टाइप करायचा, असं माझं काम.

इथेच मेमरीचा विषय आला. वहीचं एक पान ६०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलं आणि उघडलं, की ते मेमरीत शंभर एमबीच्या आसपास जागा घेतं. पाच-सहा पानं एकदम उघडी, शेजारी पुस्तकाची फाइल, आणि माझ्या मशीनमध्ये रॅम, म्हणजे मेमरी, ८ जीबी. माऊस हलवला की बाण दोन सेकंदांनी हलायचा. म्हणून अजून ८ जीबीची पट्टी घेतली. जुनी पट्टी डीडीआर-४ प्रकारची, नवीही डीडीआर-४. त्याची खात्री करून घेतली होती, कारण डीडीआर-३ची खाच वेगळ्या जागी असते आणि ती या बोर्डात बसतच नाही. जुनी २४००ची होती, नवी ३२००ची. दोन वेगवेगळ्या वेगांच्या पट्ट्या शेजारी बसवल्या की बोर्ड दोघींना हळूच्या चालीनं चालवतो. बैलजोडीतला एक जोरदार असला तरी गाडी दुसऱ्याच्याच चालीनं जाते, तसं. त्यात चूक काही नव्हती.

पट्टी बसवायला आमचा नेहमीचा दुरुस्तीचा पोरगा आला. बटण दाबलं, पंखा फिरला, स्क्रीन काळीच. त्यानं पट्टी काढली, माझ्या टेबलावरचं खोडरबर उचललं आणि तिच्या सोनेरी कडेवरून हळूहळू फिरवलं. आषाढातले दिवस. आमच्याकडे त्या दिवसांत मिठाला पाणी सुटतं, कपाटातल्या कागदांना कुबट वास येतो. तसाच ओलसर हवेचा आणि हाताच्या तेलाचा पातळ थर त्या कडेवरही बसतो. त्यानं कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली, पट्टी परत बसवली. दोन्ही बाजूंनी टक् टक् आवाज आला. स्क्रीन उजळली. १६ जीबी.

चार दिवस मी सुखात होते.

मग एका दुपारी तिसऱ्या वहीचं एक पान उघडलं तर ते अर्ध्यापर्यंत नीट आणि त्याखाली सगळं गुलाबी-हिरवं. जेपीजी फाइलचं असं होतं: मधला एखादा बिट, म्हणजे संगणकाच्या हिशेबातला एक ० किंवा १, बदलला की त्याच्या पुढचा सगळा हिशेब सरकतो आणि चित्राचे रंग उतू जातात. तेव्हा मला हे माहीत नव्हतं. स्कॅनरची काच पुसली आणि पान परत स्कॅन केलं. दोन दिवसांनी निळी स्क्रीन आली. मग स्कॅनची झिप उघडेना, फाइल खराब आहे म्हणाली. मग पुस्तकाची फाइल मधूनच बंद पडायला लागली.

"अक्का, करंटचा घोटाळा असणार," पोरगा म्हणाला. पावसात आमच्याकडे करंट जा-ये करतो, व्होल्टेज खालीवर होतं, तेव्हा पटण्यासारखंच होतं. यूपीएस बदलला. मग त्यानं व्हायरस शोधला. मग ड्रायव्हर बदलले. शेवटी सगळी सिस्टीम पुसून नव्यानं टाकली. सिस्टीमबरोबर येणारी मेमरी तपासणीही आम्ही चालवली. ती वीस-पंचवीस मिनिटांत संपली आणि काही दोष नाही म्हणाली. त्या एका वाक्यावर आम्ही दोघांनी मेमरीचं नावच यादीतून काढून टाकलं. आता वाटतं, सगळ्यात मोठी चूक तिथे झाली. मशीन बिघडायच्या आधी आपण शेवटचं काय बदललं, हा प्रश्न विचारायला हवा होता. त्याचं उत्तर कॅबिनेटच्या आत समोर दिसत होतं.

एवढ्यात गुरुजी प्रूफं घेऊन आले आणि 'हाळी'चं प्रकरण झालं. त्या गठ्ठ्यात लाल गोल एक नव्हता, सात होते. 'गवताचा भारा' होता तिथे 'गवताचा बारा'. 'मळणी'ची 'मलणी'. नांगराचा 'फाळ' जाऊन 'पाळ' आलेला. 'धार'च्या जागी 'दार', 'थाप'च्या जागी 'ताप'. आणि एका ठिकाणी 'ते' हवं तिथे 'तइ', असं विचित्रच काहीतरी.

गुरुजी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "पोरी, तुझे डोळे एकदा तपासून घे बघू."

रात्री दुकान बंद करून मी त्या सात शब्दांसमोर बसले. मी इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीवर टाइप करते. त्यात 'प' आणि 'फ' एकाच बटणावर असतात, शिफ्ट दाबलं की फ. तसंच त-थ, द-ध, ब-भ आणि ल-ळ. म्हणजे माझं शिफ्ट निसटत असणार. करंगळी कमजोर झाली असेल, वय झालं असेल. सात शब्दांतले पाच या हिशेबात बसले. उरलेले दोन बसेनात. 'ह' वरच्या ओळीत आहे, 'स' खालच्या ओळीत. शिफ्ट सुटल्यानं हाळीची साळी होत नाही. आणि 'ते'चं 'तइ' करायला तर दोन चुका एकदम कराव्या लागतात.

टेबलामागच्या भिंतीवर मी देवनागरीच्या युनिकोडचा तक्ता चिकटवलेला आहे. रफार आणि जोडाक्षरं मोडतात तेव्हा तो लागतो. त्यात प्रत्येक अक्षराला आकडा असतो. सहज नजर गेली. 'स' ०९३८. 'ह' ०९३९. शेजारी शेजारी.

मी खुर्ची भिंतीजवळ ओढली. 'त' ०९२४, 'थ' ०९२५. 'द' ०९२६, 'ध' ०९२७. 'ल' ०९३२, 'ळ' ०९३३. प्रत्येक जोडीत आकडा एकानं कमी झाला होता, आणि तोही एकाच दिशेनं. थ चा त झाला होता, त चा थ कुठेच झाला नव्हता. संगणकाच्या भाषेत ३ म्हणजे शून्य-शून्य-एक-एक आणि २ म्हणजे शून्य-शून्य-एक-शून्य. फरक शेवटच्या एकाचा. कुठेतरी, कुठल्यातरी एकाच जागेवर, लिहिलेल्या १ चा ० होत होता.

'तइ'चं कोडं मी दुसऱ्या दिवशी कागदावर सोडवलं. फाइलमध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन-तीन बाइटांत साठवलेलं असतं, आठ बिटांचा एक बाइट. 'ए'ची मात्रा आणि 'इ' यांत तिसरा बाइट तोच असतो, मधल्या बाइटाचा शेवटचा बिट तेवढा वेगळा. तोच १, तोच ०. सातही शब्द एकाच रोगाचे निघाले. माझी करंगळी ठणठणीत होती. मला रडू आलं, खरंच आलं, कारण मी स्वतःच्या हातांवर अविश्वास दाखवला होता.

आणि 'ळ'. त्या तक्त्यासमोर मी किती तरी वेळ त्या एका अक्षराकडे बघत होते. आमच्या गावाच्या नावातलं हे अक्षर. इंग्रजांनी बेलगाम केलं तेव्हा ते गेलं, हिंदीतल्या 'बेलगाम'मध्येही ते नाही. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपासून या गावावरून जे चाललंय ते सगळ्यांना माहीत आहे. १ नोव्हेंबर २०१४ला सरकारी नाव बेळगावी झालं, त्याबद्दल इथल्या मराठी माणसाला काय वाटतं तेही. पण बेळगाव म्हणा, बेळगावी म्हणा, 'ळ' दोन्हीत आहे. मराठीनं आणि कानडीनं तो सारखाच सांभाळलाय. त्याहून नवल म्हणजे युनिकोडमध्ये भारतीय लिप्यांचे तक्ते इस्की या आपल्याच जुन्या मानकाच्या मांडणीवरून घेतलेले आहेत. त्यामुळे कानडीच्या तक्त्यातही 'ल' आणि 'ळ' त्याच क्रमांकाच्या घरांत, तसेच शेजारी बसलेत. म्हणजे माझ्या मशीननं कानडी अर्जातलं बेळगावीही त्याच बिटापायी बेलगावी केलं असतं.

मेमरीच्या आत काय असतं ते मी त्या आठवड्यात वाचून काढलं. या प्रकारच्या मेमरीचं पेटंट आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली मिळालं. एक बिट साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर, बस्स. कपॅसिटरमध्ये वीज भरलेली असली की १, नसली की ०. पण तो कपॅसिटर गळका असतो, सगळेच असतात. खानापूरच्या मातीच्या घागरीतून पाणी पाझरावं तशी त्यातली वीज सतत पाझरते. म्हणून मेमरी स्वतःलाच पुन्हा पुन्हा वाचते आणि पुन्हा पुन्हा भरते, साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक बिटाचं घर एकदा तरी. म्हणजे एका सेकंदात पंधरा वेळा तरी ती सगळं वाचून परत लिहीत असते. ८ जीबीच्या एका पट्टीत अशी सहा हजार आठशे एकाहत्तर कोटींहून जास्त घरं. त्यातलं एखादं घर थोडं जास्त पाझरणारं निघालं, तर पुढची पाळी यायच्या आत ते रिकामं होतं. मेमरी तिथे येते, ० वाचते आणि तोच ० पक्का करून पुढे जाते. आपण काही विसरलो हे तिला कळत नाही. पट्टी तापली की पाझर वाढतो, म्हणून वीस मिनिटांच्या तपासणीत तो दिसत नाही आणि तीन तास काम केल्यावर दिसतो.

पोरग्याला बोलावलं. तक्ता दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "अक्का, मेमटेस्ट लावूया. रात्रभर."

मेमटेस्ट८६+ हा फुकट मिळणारा छोटा प्रोग्रॅम. पेन ड्राइव्हवर घालायचा आणि मशीन त्यावरूनच चालू करायचं. बाकी सिस्टीम झोपलेली असते आणि हा एकटा मेमरीच्या घराघरांत जाऊन एकदा सगळे १ लिहितो, वाचतो, मग सगळे ०, मग आलटून पालटून, मग उलट क्रमानं. आधी आम्ही बायोसच्या, म्हणजे मशीन चालू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमच्या, सेटिंग मूळ जागी आणल्या आणि वेग वाढवणारं एक्सएमपी बंद आहे ना ते बघितलं. कारण नुसत्या जास्त वेगानंही चांगली पट्टी अडखळते आणि मग दोष भलत्याच्या गळ्यात पडतो. रात्री नऊला चालू केलं. मी घरी गेलेच नाही. बहिणीला फोन केला आणि दुकानातच बसले. बाहेर पावसाची संततधार, शटर अर्धं खाली, स्क्रीनवर आकडे सरकताहेत. पहिली फेरी स्वच्छ गेली. पोरगा माझ्याकडे बघायला लागला. बाराच्या सुमाराला पहिली लाल ओळ आली. तिच्यात एक पत्ता, तिथे काय असायला हवं होतं आणि काय सापडलं. मी वहीत उतरवून घेतलं. दहा मिनिटांनी दुसरी ओळ. तोच पत्ता. तोच बिट. १ हवा होता, ० मिळाला.

त्या रात्री मला जितकं हलकं वाटलं तितकं क्वचित वाटतं.

पुढचं काम सावकाशीचं होतं आणि ते सावकाशच केलं पाहिजे. एका वेळी एकच पट्टी, एका वेळी एकच जागा. जुनी पट्टी काढून ठेवली. नवी एकटी, जुन्या पट्टीच्या जागेवर लावली. अडीच तासांनी लाल ओळी. मग नवी काढली आणि जुनी एकटी, नव्या पट्टीच्या जागेवर. चार फेऱ्या, एकही चूक नाही. म्हणजे बोर्डावरच्या जागा निर्दोष, जुनी पट्टी निर्दोष. दोन गोष्टी एकदम बदलल्या असत्या तर हे कळलं नसतं. दोन रात्री गेल्या त्यात, आणि त्या दोन रात्री सुरुवातीलाच दिल्या असत्या तर पुढचं काहीच झालं नसतं. आता मी माझ्या मशीनमध्येच काय, ओळखीतल्या कुणाच्याही मशीनमध्ये नवी रॅम बसली, की पहिली रात्र मेमटेस्टची मागून घेते. लोकांना तो हट्ट वाटतो. वाटू दे.

पट्टी वॉरंटीत होती. दुकानदारानं लाल ओळींचा फोटो बघितला आणि दुसरी दिली. नवी पट्टी दोन रात्री चालवली, स्वच्छ. पोरगा म्हणाला, "झालं अक्का, सुटलं."

त्याच्या बाजूनं सुटलं होतं. माझ्या बाजूनं आता कुठे सुरू होत होतं. ती पट्टी मशीनमध्ये किती दिवस होती? तेवीस. त्या तेवीस दिवसांत कुठली फाइल त्या एका घरातून गेली आणि अक्षर पाडून बाहेर पडली, हे कोण सांगणार? मी रोज संध्याकाळी बॅकअप घेत होते, शिस्तीनं. पण बॅकअप म्हणजे फाइल मेमरीत वाचायची आणि दुसरीकडे लिहायची. तीसुद्धा त्याच गळक्या घरावरून गेली असेल. आणि सेव्ह केलेली चूक ही चूक म्हणून राहत नाही. दुसऱ्या दिवशी तोच खरा मजकूर असतो.

बेल्जियममध्ये १८ मे २००३च्या निवडणुकीत ब्रुसेल्समधल्या स्खारबेक भागात मतदानाच्या यंत्रणेनं एका उमेदवाराला बरोब्बर ४०९६ मतं जास्त दाखवली होती. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, एकच बिट. मेमरीतला एखादा बिट आपसूक उलटला असावा, याहून वेगळं स्पष्टीकरण तपासणाऱ्यांना सापडलं नाही. ते पकडलं गेलं ते एवढ्यासाठी, की त्या उमेदवाराला मिळूच शकली नसती इतकी मतं झाली होती. मोठ्या सर्व्हरमध्ये दर ६४ बिटांमागे ८ जादा बिट राखणीला ठेवलेले असतात, ते अशी एखादी चूक तिथल्या तिथे सुधारतात. साध्या दुकानातल्या मशीनमध्ये ते नसतात. माझ्या फाइलमधली 'हाळी' साळी झाली तेव्हा कुठली घंटा वाजणार होती? साळी हा चांगला शब्द आहे. बारा, दार, ताप, पाळ, सगळे चांगले शब्द आहेत. स्पेलचेकला यातला एकही खटकत नाही. आणि 'खटकणारे' शब्द तर गुरुजींच्या वहीत पानापानावर होते, कारण ते कुठल्याच शब्दकोशात नव्हते. त्यातला एखादा बदलला असता तर बदललेला बरोबर की मूळचा बरोबर, हे सांगू शकणारा माणूस माझ्या ओळखीत एकच होता आणि त्याचं वय ८१ होतं.

मी जांबोटीची बस धरली. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. गुरुजींना सगळं सांगितलं, तक्ता उघडून दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं. माझ्या डोळ्यांबद्दल बोलले होते त्याचं त्यांना वाईट वाटलं, तेही त्यांनी बोलून दाखवलं. मग विचारलं, "वह्या आहेत न्हवं सगळ्या?"

"आहेत."

"मग कशाला घाबरतीस? वाचूया की सगळं. पहिल्यापासून."

पहिल्या तीन वह्यांचा मजकूर मी ती बिघडलेली पट्टी बसवायच्या आधीच टाइप करून एका पेन ड्राइव्हवर ठेवला होता, तो सुटला. आताच्या फाइलशी तो ताडून पाहिला तेव्हा अकरा ठिकाणी फरक निघाला. नऊ माझ्याच दुरुस्त्या. दोन कुणाच्याच नव्हत्या. उरलेल्या चार वह्या मात्र अक्षर न् अक्षर वाचायच्या होत्या. गुरुजी आठवड्यातून तीन दिवस यायचे. ते वहीतून मोठ्यानं वाचायचे, मी स्क्रीनवर बघायची. आधी मी वाचून दाखवत होते, पण मग लक्षात आलं की मी वाचते तेव्हा मला जे अपेक्षित आहे तेच मी वाचते. त्यांनी वाचायचं आणि मी बघायचं, असं ठरलं. शाळेत शिकवल्यासारखं ते प्रत्येक ध, भ, थ स्वच्छ फोडून म्हणायचे. झेरॉक्सला आलेली माणसं थांबून ऐकायची. वडगावचे एक विणकर मामा दोन कागदांची झेरॉक्स काढायला आले आणि तासभर बसले. मागाबद्दलचे शब्द आले तेव्हा त्यांनी एक अर्थ दुरुस्तही करून दिला.

चार वह्यांत अजून सहा सापडले. त्यातला एक शब्द माझ्या मनातून जात नाही. पाचवी वही जूनमध्ये बसमधून आणताना भिजली होती. एका पानाची शाई पसरली होती आणि नेमका त्या पानाचा स्कॅनही तसाच गुलाबी-हिरवा झालेला. फाइलमध्ये शब्द होता 'पाटी'. पुढे अर्थाचं निम्मंच उरलेलं, 'बायका डोक्यावरून'. पाटी म्हणजे आमच्याकडे बुट्टी, डोक्यावर घ्यायची. शब्द बसत होता. मी पुढे जाणार होते.

गुरुजी थांबले. पान खिडकीशी नेऊन धरलं, उजेडात तिरकं केलं. "पाटी मी लिहिली असती काय? पाटी सगळ्यांनाच ठाऊक आहे." मग गप्प झाले. मी त्यांना इतकं अस्वस्थ कधी बघितलं नव्हतं. स्वतः लिहिलेला शब्द त्यांना आठवत नव्हता.

त्यांनी गावाकडे फोन लावायला सांगितला, थोरल्या बहिणीला. त्या नव्वदीच्या. फोन स्पीकरवर ठेवला. गुरुजींनी विचारलं, "आक्का, पावसाच्या आधी बायका डोक्यावरून काय आणायच्या गं?"

पलीकडून कोंबड्यांचा आवाज आला, मग त्यांचा, खणखणीत. "काय म्हंजे? फाटी! रानातनं फाटी आणायचो की. चुलीला दुसरं काय घालणार होतो पावसात?"

फ नीट ऐकू आला. मी प खोडून फ केला.

"आणि ती बांधायला ओला फोक लागायचा," त्या पुढे बोलतच होत्या, "तो लिवलास काय रे? फोक?"

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. तो वहीत नव्हता. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, समोरच्या झेरॉक्सच्या ट्रेमधला एक कोरा कागद ओढला आणि फोनकडे वाकून म्हणाले, "थांब आक्का, सावकाश सांग. फोक. कशाचा असायचा?"